पहिलं गाणं देवाचं

कर्जतहून चौकमार्गे खोपोलीला जाणाऱ्या एसटीवर विमलबाई आढाव कंडक्टर असल्या की मागच्या बाकावर घोरणाऱ्या माणसाचाही थांबा चुकत नसे. आवाजच तसा खणखणीत. चारफाट्यावर गाडी लागली की दारात उभं राहून त्या एका दमात सगळे थांबे सांगायच्या, आणि टपरीवर चहा पिणारी माणसं अर्धा पेला तसाच टाकून गाडीकडे धावायची. सोळा वर्षं हे चाललं होतं. ड्रायव्हर दत्ता म्हणायचा, "आमच्या गाडीला हॉर्न कशाला पायजे? विमलबाई हाय ना."

हाच आवाज रविवारी भिसेगावच्या प्रार्थनामंदिरात लागायचा. पत्र्याचं छप्पर, वीस-बावीस घरांची मंडळी, एक पेटी आणि एक ढोलकी, एवढाच तिथला थाट. पण विमलबाईंनी भजन उचललं की रस्त्याने जाणारी माणसंही जरा थबकायची. गाणं त्यांच्याकडे वडिलांकडून आलेलं. वडील हिरामण नगरकडचे, दोन पिढ्यांचे ख्रिस्ती. रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये लागले म्हणून कर्जतला आले आणि इथलेच झाले. शिक्षण बेताचंच, पण स्वतः जोडलेली गाणी म्हणायचे. पहाटे खांद्यावर हत्यारं टाकून रुळांकडे निघाले की त्यांचं एक गाणं ठरलेलं असे:

ऊठ जिवा ऊठ, उजाडलं रे,
देवाघरचं दार उघडलं रे.
कालचं ओझं वाटेत टाक,
येशू बोलावतो, ऐक त्याची हाक.

विमलबाईंचे यजमान विलास साजगावच्या एका कारखान्यात मशीनवर होते. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत काम केलेला हा माणूस घरी आला की गप्प असायचा. दोघांच्या वाटणीचं बोलणं विमलबाईच करायच्या. जेवणाआधीची प्रार्थनाही त्यांचीच, आणि ती इतकी लांबायची की मुलगी तनया डोळे मिटूनच म्हणायची, "आई, आमेन म्हण आता. वरण गार झालं."

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते. गाडी खालापूरच्या जवळ आली तसा विमलबाईंनी दोरीला हात घातला आणि थांब्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं. बाहेर पडलं "भाकरी".

गाडीत हशा पिकला. कोणी तरी म्हणालं, "बाई, भूक लागली वाटतं!" विमलबाईंनाही हसू आलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा भलताच शब्द आला. उजव्या हातातलं तिकिटाचं मशीन जड व्हायला लागलं आणि बोटं आपली नाहीतच अशी सुटत गेली.

सोनुबाई पुढच्याच बाकावर बसली होती. खोपोलीच्या बाजारात भाजी विकणारी ही बाई रोज याच गाडीने जायची. ती हसली नाही. तिच्या दिराला असंच झालं होतं. तिने विमलबाईंचं तोंड निरखून पाहिलं आणि ती ओरडली, "दत्ता, गाडी काढ रं! बाईचं त्वांड वाकडं झालंय. दवाखाना गाठ, कुटं थांबू नको!"

दत्ताने मागे वळून एकदा पाहिलं आणि गिअर टाकला. मधले थांबे आले तशी उतरायची माणसं बसूनच राहिली. एकानेही तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही. सोनुबाईने विमलबाईंचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं. खोपोलीला डॉक्टरांनी पाहिलं, तिथून रुग्णवाहिकेने पनवेलला हलवलं. मेंदूत गुठळी अडकली होती. वेळेत आणलं म्हणून जीव वाचला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. उजवा पाय लुळा पडला होता तो पंधरा दिवसांत सुधारला. हातातही जोर आला.

वाचा मात्र गेली.

म्हणजे ऐकू यायचं, कळायचं सगळं. कोण आलं, कोण काय बोलतंय, तनया मुद्दाम हसतेय की खरंच, हेही कळायचं. पण बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर यायचा. "नाय." चहा हवा का? "नाय." आणि हात मात्र कपाकडे. खिडकी लावू का? "नाय, नाय," आणि मान होकाराची. विलास गोंधळून जायचे. चुकून नको ते आणून द्यायचे, मग विमलबाई चिडायच्या, आणि चिडल्यावरही तोंडातून तेच यायचं.

आठवड्यातून एकदा खोपोलीच्या उपचार केंद्रातून सई नावाची स्पीच थेरपिस्ट यायची. तनयाच्याच वयाची, हसरी, चिकाटीची. तिने चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा आणला होता. गाय, दार, छत्री, दिवा. विमलबाई चित्राकडे बघायच्या. वस्तू ओळखीची, नाव अगदी घशाशी आलेलं, आणि तिथेच अडलेलं. ज्याचं नाव आलं नाही तो पत्ता सई उजवीकडे ठेवायची. तासाभरात सगळा गठ्ठा उजवीकडे जायचा. सई गेल्यावर विमलबाई तोच ढीग पुढ्यात घेऊन बसायच्या. पडलेल्या दाताच्या जागी जीभ सारखी जाते, तसं त्यांचं मन त्या ढिगाकडे जायचं. आज काय आलं नाही, काल काय आलं नव्हतं, उद्या काय येणार नाही.

सगळ्यात जास्त सलत होती ती प्रार्थना. तीस वर्षं त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली होती. आजाऱ्यांच्या उशाशी, परीक्षेला निघालेल्या पोरींच्या डोक्यावर हात ठेवून, मयताच्या घरी. आता डोळे मिटले की आत नुसती खळबळ व्हायची आणि ओठांवर "नाय" यायचं. देवासमोर बसून नाय नाय म्हणत राहणं त्यांना सहन होईना. त्यांनी डोळे मिटणंच सोडलं.

मंडळीतली माणसं येऊन जाऊन होती. एकदा त्यांच्याबरोबर पनवेलची एक बाई आली. ती विमलबाईंचा हात धरून म्हणाली, "बहीण, कुठेतरी विश्वास कमी पडला असणार. मनात काही लपवलेलं असेल तर ते तोंडाने कबूल करा, म्हणजे देव मोकळं करेल."

विमलबाईंच्या डोळ्यांत घळाघळा पाणी आलं. तोंडाने कबूल करा म्हणे! तोंड असतं तर काय हवं होतं?

कोपऱ्यात बसलेले विलास उठले. आयुष्यात कोणाला वर तोंड करून न बोललेला हा माणूस शांतपणे म्हणाला, "बाई, चहा झाला ना तुमचा? मग या आता." आणि त्यांनी दार उघडून धरलं. बाई गेली. विमलबाई रडता रडता नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

पण त्या बोलण्याचा काटा रुतला तो रुतलाच. पुढच्या रविवारी तनया पांढरी ओढणी घेऊन देवळात जायला तयार झाली तेव्हा विमलबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. विलासही मग घरीच राहिले. बायकोला एकटी टाकून कुठे जाणार?

ऑक्टोबरमधला तिसरा रविवार. तनया गेली होती. विलास जमिनीवर बसून तांदूळ निवडत होते. घरात आवाज म्हणून कसला नव्हता. बरीच वर्षं या वेळेला त्यांच्या कानांवर भजन पडत आलेलं. ते नसल्याने त्यांना कसंसंच व्हायला लागलं. गाता येत नव्हतं, मंडळीत ते नुसते ओठ हलवायचे. तरी खाकरून त्यांनी सासऱ्यांचं गाणं सुरू केलं. सूर कुठल्या कुठे. विमलबाई कॉटवर पाठ करून पडल्या होत्या. विलास दोन ओळी कशाबशा म्हणून तिसरीवर आले.

"कालचं ओझं पोटात टाक..."

विमलबाई ताडकन उठून बसल्या. वडिलांच्या गाण्याची अशी माती! त्यांनी हात उगारला आणि त्यांच्या तोंडून, भरल्या आवाजात, अगदी सुरात निघालं:

"वाटेत टाक! कालचं ओझं वाटेत टाक, येशू बोलावतो, ऐक त्याची हाक!"

विलासच्या हातातलं सूप घसरलं. तांदूळ लादीवर पसरले. 

"विमल," विलास म्हणाले, "पुन्हा म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटलं. पहिल्या ओळीपासून. एक शब्द अडला नाही. मग दुसरं भजन, मग नाताळात म्हणायचं, मग तनयाला झोपवताना म्हणत ते अंगाईगीत. तनया परत आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच तिला आईचा आवाज ऐकू आला. ती चप्पल न काढता घरात शिरली. आई गात होती आणि बाबा सांडलेल्या तांदळात बसून डोळे पुसत होते.

त्या दिवशी त्या घरात सण झाला. शेजारचे जमले, मंडळीचे पाळक धावत आले. सगळ्यांना वाटलं, संपलं आता, वाचा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाईंनी चहा मागायला तोंड उघडलं. "नाय."

गाण्यात येणारा शब्द बोलण्यात येत नव्हता. 'देवाघरचं दार' असं त्या गाऊ शकत होत्या, पण समोरच्या दाराकडे बोट दाखवून 'दार' म्हणता येत नव्हतं. सईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला आनंद झाला. गाणं मेंदूच्या वेगळ्या भागात असतं, ते पुष्कळदा वाचतं, आपण त्याचाच उपयोग करू, असं तिने तनयाला समजावलं. विमलबाईंना मात्र वाटलं, कोणीतरी हातात ठेवून काढून घेतलं. तीन दिवस त्या पुन्हा पत्त्यांचा ढीग घेऊन बसल्या.

चौथ्या दिवशी विलास पहिल्या पाळीला गेले, तनया कामावर गेली. विमलबाई दारात ऊन खात बसल्या होत्या. समोरच्या पायरीवर पत्ते. आणि त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. समजा, यातला एकही शब्द परत आला नाही, तर?

हा प्रश्न त्यांनी इतके दिवस जवळ येऊ दिला नव्हता. आता आलाच होता, तर त्या त्याच्याकडे नीट बघायला लागल्या. शब्द आले नाहीत तर देव देव राहणार नाही का? तो कुठे गेला होता? बसमध्ये सोनुबाईची मांडी कोणी दिली? दत्ताचा पाय ब्रेकवर का गेला नाही? आपणच अडीच महिने त्याच्याकडे पाठ करून ढीग मोजत बसलो. आणि खरं सांगायचं तर त्याआधीची तीस वर्षंही प्रार्थनेत आपण देवापेक्षा आपलाच आवाज जास्त ऐकत होतो की काय? मागणी, तक्रार, यादी, आणि शेवटी घाईघाईने आमेन. आता मागायला शब्दच नव्हते. उरलं होतं ते फक्त गाणं, आणि गाण्यात काही मागणं नव्हतं.

त्यांनी पत्ते उचलून आत फडताळात ठेवले आणि फडताळाचं दार लावलं. मग दारात परत येऊन, उन्हाकडे तोंड करून, वडिलांचं गाणं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. कोणाला ऐकवायला नाही, बरं व्हायला नाही. ज्याचं होतं त्याला दिलं. गाऊन झाल्यावर त्या बऱ्याच वेळ तशाच बसून राहिल्या. ऑगस्टपासून छातीवर बसलेलं काहीतरी पहिल्यांदाच उठून गेल्यासारखं वाटलं.

सई आली तेव्हा तिने नवा कागद आणला होता. रोजची वाक्यं चालीवर बसवलेली. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा आणि वाक्य गायचं. 'पाणी दे', 'भूक लागली', 'दुखतंय'. तिने कागद पुढे केला, "मावशी, आजपासून सकाळी उठल्या उठल्या हा व्यायाम."

विमलबाईंनी कागद हाताने बाजूला सारला.

"का हो? नको?"

"नाय," विमलबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःवरच वैतागून त्यांनी मान हलवली. त्यांनी एक बोट वर केलं. पहिलं. मग आभाळाकडे बोट केलं, छातीवर हात ठेवला आणि वडिलांचं गाणं म्हटलं. चारही ओळी. मग दुसरं बोट वर केलं आणि कागद स्वतःकडे ओढून घेतला.

सईला कळेना. तनया दारात उभी होती. ती म्हणाली, "पहिलं गाणं देवाचं, असं म्हणतेय ती. व्यायाम दुसरा. उलट नाही."

विमलबाईंनी जोरजोराने मान डोलावली. सई हसली. "चालेल की, मावशी. दोन्ही गाणीच आहेत."

"नाय!" विमलबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांना नायच म्हणायचं होतं. ती दोन्ही सारखी नव्हती. दुसऱ्यातून काही मिळवायचं होतं. पहिल्यातून काही मिळालं नाही तरी ते तसंच राहणार होतं.

त्या दिवसापासून तो नेम झाला. पहाटे विलास कामावर निघायच्या आधी पहिलं गाणं. मग चहा. मग व्यायाम. काही दिवस चांगले गेले, काही अगदी वाईट. नोव्हेंबरात 'पाणी' आलं. मग 'तनया' आलं, आणि ती बावीस वर्षांची घोडी हातातला डबा टाकून आईच्या गळ्यात पडली. 'विलास' यायला नाताळ उजाडला. तोवर विलास रोज संध्याकाळी मांडीवर ठेका धरून बायकोसमोर बसायचे. जो कधी चार वाक्यं सलग बोलला नव्हता, त्याला आता रोज तासभर बोलावं लागत होतं. कारखान्यात काय झालं, कोणाचं मशीन बंद पडलं, सगळं चालीवर. शेजारच्यांना हसू यायचं. येईना का.

मार्चमध्ये एसटीच्या कार्यालयातून बोलावणं आलं. कामावर घ्यायचं की नाही ते ठरणार होतं. टेबलामागे तीन अधिकारी होते. मधल्यांनी विचारलं, "नाव सांगा."

  टेबलाखाली विमलबाईंचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला. त्यांनी मनात पहिलं गाणं सुरू केलं, देवाकडे तोंड केलं आणि मग सुरावर, एक एक अक्षर सोडत म्हटलं, "वि-मल... वि-लास... आ-ढाव."

साहेबांनी चष्मा काढला. "गाणं म्हणताय?"

"हो," विमलबाई म्हणाल्या. "तसंच... येतं."

साहेब सभ्य होते. त्यांनी घाई केली नाही. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, "बाई, गाडीवर तुम्हाला पाठवता येणार नाही. माणसांशी पटापट बोलावं लागतं. पण कर्जत स्थानकावर नियंत्रण कक्षात गाड्यांच्या वेळा लिहायचं काम आहे. हलकं काम. बघा."

नोकरी राहिली. पण गाडी गेली. बाहेर येऊन विमलबाई स्थानकातल्या बाकावर बसल्या. समोर त्यांचीच गाडी लागली होती, दारात दुसरी कंडक्टर उभी होती. तेव्हा पुन्हा तो ढीग त्यांच्या पुढ्यात येऊ लागला. दार नाही, दोरी नाही, रोजची माणसं नाहीत. त्यांना कळलं, हा ढीग असाच येत राहणार. एकदा फडताळात ठेवला म्हणून काम संपत नाही. प्रत्येक वेळी तोंड फिरवावं लागतं. त्यांनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात गायला लागल्या.

दत्ता चहाचे दोन पेले घेऊन आला. गाणं संपेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, कक्षाची खिडकी बघा कुटं हाय ती. समद्या गाड्या तिच्याच फुडनं जातात. आमी कुटं जानार हाव तुमाला सोडून?"

विमलबाई हसल्या. "खरं... हाय," त्या म्हणाल्या. चालीवर नव्हे, सरळ.

जुलैत एका शनिवारी दुपारी कर्जत स्थानकात माणूस माणसाला लागला होता. रस्त्यात झाड पडल्याने गाड्या अडल्या होत्या, आणि कोणती गाडी कधी येणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नियंत्रक गजा सकाळपासून माईकवर ओरडून ओरडून बसला होता. त्याचा घसा पार गेला. खोपोलीची गाडी आत शिरली तेव्हा त्याने तोंड उघडलं तर नुसती हवा. त्याने माईक विमलबाईंच्या पुढे सरकवला आणि खुणेने सांगितलं, तुम्ही बोला.

विमलबाईंनी दोन्ही हातांनी नको नको केलं. बाहेर माणसं गाड्यांमागे सैरावैरा धावत होती, एक म्हातारी चुकीच्या गाडीत चढत होती. विमलबाईंनी एकदा वर पाहिलं. "तूच," एवढंच त्या देवाला म्हणाल्या. डावा हात टेबलावर ठेका धरू लागला. आणि स्थानकाच्या चारही कर्ण्यांतून आवाज आला. खणखणीत, सुरात, प्रत्येक नाव सुटं सुटं:

"चौ-क, खा-ला-पूर, खो-पो-ली... गाडी, तीन नंबरला, ला-गली आहे!"

सगळं स्थानक वळून बघायला लागलं. एसटीची घोषणा कोणी गाऊन करतं का? आणि मग त्या गर्दीतून रिकामी पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई दोन्ही हात वर करून ओरडली, "अगं माझे बाय! आमची विमलबाई हाय ती! बोलली गं, बोलली!"

सोनुबाई धक्के देत खिडकीपर्यंत आली. खिडकीच्या सळ्यांमधून हात घालून तिने विमलबाईंचा चेहरा कुरवाळला. दत्ताने गाडीचा हॉर्न दाबून धरला. ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेही टाळ्या वाजवायला लागले. विमलबाईंनी डोळे पुसले, माईक जवळ ओढला आणि पनवेलची गाडी सांगितली. मग नेरळची. त्या दिवसापासून गजाने माईक परत मागितला नाही. कर्जतला नवखा माणूस उतरला की आजही जरा चक्रावतो, आणि शेजारचा त्याला सांगतो, "त्या आमच्या विमलबाई. त्या गातात."

गेल्या ईस्टरला पाळकांनी त्यांना विचारलं, "ताई, देवाने तुमच्यासाठी काय केलं त्याची मंडळीसमोर साक्ष द्याल का?"

तीन आठवडे त्यांनी तयारी केली. सईही त्या दिवशी भिसेगावला आली. देवळात येण्याची तिची पहिलीच वेळ, ती तनयाजवळ मागे बसली. विमलबाई उभ्या राहिल्या. आज त्यांना गायचं नव्हतं, बोलायचं होतं.

"माझे शब्द... गेले," त्या म्हणाल्या. "देव गेला नाही."

त्यांनी एकदा विलासकडे पाहिलं.

"मी... हरवलेलं... मोजत बसले. मग त्याच्याकडे..."

इथे अडलं. शब्द येईना. एक क्षण गेला, दहा गेले. पहिल्या रांगेतल्या एका बाईने हळूच शब्द पुरवायला तोंड उघडलं तसा पाळकांनी हात वर करून तिला थांबवलं. पंखा फिरत होता. विलास मांडीवर ठेका धरायला लागले, त्यांच्याही नकळत. मग तनया. मग सई. हळूहळू सगळं देऊळ मांडीवर ठेका धरत होतं. विमलबाईंनी ते पाहिलं आणि त्या चक्क हसल्या.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे बघितलं. आता शब्द येतात. थोडे. उद्या नाही आले... तरी मी त्याचीच."

त्या खाली बसल्या तेव्हा विलास उभे राहिले. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत मंडळीसमोर ते पहिल्यांदाच उभे राहत होते. "आमेन," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की ढोलकीवाला दचकला.

आता विमलबाई दर गुरुवारी ड्युटी संपली की खोपोलीला सईच्या केंद्रात जातात. तिथे त्यांच्यासारखीच पाच-सहा माणसं येतात. या वर्षी अनसूयाबाई म्हणून एक आजी आल्या, वावर्ल्याकडच्या शेतकरी घरातल्या. चार महिने त्यांच्या तोंडून शब्द नव्हता, आणि त्या कोणाकडे मान वर करून बघतही नव्हत्या. विमलबाई त्यांच्या शेजारी बसल्या, मनातल्या मनात त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि सुनेला विचारलं, "यांना... कोणतं गाणं आवडायचं?" सून म्हणाली, "गानं कसलं, शेतात लावनीला गायच्या तेवढंच." विमलबाईंनी सुनेकडून ते भातलावणीचं गाणं शिकून घेतलं आणि तीन गुरुवार अनसूयाबाईंचा हात धरून म्हटलं.

गेल्या गुरुवारी अनसूयाबाईंनी मान वर केली आणि त्यांच्याबरोबर दुसरी ओळ उचलली.